विश्लेषण : एकच मतदार दोनदा, की एकाच नावाचे दोघे? याद्या ताडणाऱ्या ‘क्रॉस जॉइन’चे गणित काय?

मतदार यादीतील दुबार नावांवरून २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्रात राजकारण चांगलेच तापले. १ नोव्हेंबरला विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला. पाठोपाठ राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी संभाव्य दुबार मतदारांच्या नावांपुढे दोन तारांकित चिन्हे लावण्याचा निर्णय घेतला. अशी नावे संगणक शोधून देतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. तो ती कशी शोधतो, याचे मूळ मात्र डेटाबेसच्या सुरुवातीच्या धड्यांत शिकवल्या जाणाऱ्या एका अगदी साध्या क्रियेत आहे. एका यादीतील प्रत्येक ओळ दुसऱ्या यादीतील प्रत्येक ओळीशेजारी ठेवायची, एवढीच ती क्रिया. तिला ‘क्रॉस जॉइन’ म्हणतात. ती समजली, की संगणकाने ‘जुळले’ म्हटलेली दोन नावे एकाच माणसाची असतीलच असे का नाही, हेही समजते.

‘क्रॉस जॉइन’ म्हणजे काय?

एखाद्या खानावळीच्या वहीत दोन तक्ते आहेत असे समजू. पहिल्यात चार भाज्या : मेथी, वांगे, बटाटा, मटकी. दुसऱ्यात तीन प्रकार : पोळी, ज्वारीची भाकरी, तांदळाची भाकरी. दोन्ही तक्त्यांत नाव आणि दर असे दोन-दोन रकाने. यांचा क्रॉस जॉइन केला, की मेथी-पोळी, मेथी-ज्वारीची भाकरी, मेथी-तांदळाची भाकरी, वांगे-पोळी असे करत बारा ओळींचा नवा तक्ता तयार होतो. त्यात रकाने चार असतात. म्हणजे ओळींचा गुणाकार होतो आणि रकान्यांची बेरीज. कोणती जोडी चवीला जमते, कोणती नाही, याच्याशी या क्रियेला कर्तव्य नसते. ती सगळ्या जोड्या मांडते. निवड नंतर करायची.

तक्ता स्वतःशीही असा जोडता येतो. प्रो कबड्डी लीगमध्ये १२ संघ आहेत. संघांची यादी तिच्याशीच क्रॉस जॉइन केली तर १२ गुणिले १२, म्हणजे १४४ ओळी मिळतात. त्यातल्या १२ ओळींत संघ स्वतःशीच खेळताना दिसेल, त्या वगळायच्या. उरल्या १३२. लीगच्या काही हंगामांत साखळीत नेमके १३२ सामने झाले, कारण प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला. एकेकदाच खेळायचे असेल तर ‘पुणे-मुंबई’ आणि ‘मुंबई-पुणे’ या जोड्या एकच धराव्या लागतात, आणि सामने होतात ६६. दुबार नावांच्या शोधात हेच गणित आहे, फक्त संघांच्या जागी मतदार असतात.

हे नाव कुठून आले?

गणितात या क्रियेला ‘कार्टेशियन गुणाकार’ म्हणतात. ते नाव रने देकार्त या फ्रेंच गणितज्ञाच्या ‘कार्टेशियस’ या लॅटिन नावावरून आले. १६३७ मध्ये त्याने भूमिती आणि बीजगणित यांची सांगड घातली. आलेखावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे ‘क्ष’ आणि ‘य’ या दोन संख्यांची जोडी, ही शाळेत शिकलेली कल्पना त्याच परंपरेतली.

डेटाबेसमध्ये ती आणली एडगर कॉड यांनी. ‘आयबीएम’मध्ये काम करणाऱ्या कॉड यांनी जून १९७० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहितीचा साठा साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवावा आणि तक्ते गणिताच्या नियमांनी जोडावेत, ही त्यातली कल्पना. त्यावर आधारलेली ‘एसक्यूएल’ ही भाषा पुढे चार वर्षांनी आयबीएममध्येच आकाराला आली. आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत बहुतेक व्यवहार याच घराण्यातल्या डेटाबेसवर चालतात. या भाषेत दोन तक्ते जोडण्याचे अनेक मार्ग आहेत, पण तर्काच्या अंगाने पाहिले तर जवळपास प्रत्येक जोडणीच्या तळाशी क्रॉस जॉइनच असतो. आधी सर्व जोड्या, मग अटीला न उतरणाऱ्या जोड्या बाद. प्रत्यक्षात डेटाबेस इतकी मेहनत करत नाही. तो आडवाटा शोधतो. पण उत्तर तेच यावे लागते.

अट लिहायची राहिली तर?

मग गुणाकार अंगावर येतो. दूध संस्थेचे उदाहरण घेऊ. सभासद ५००, बिल दहा दिवसांचे. सकाळ-संध्याकाळ धरून प्रत्येकाच्या २० नोंदी, म्हणजे संकलनाच्या एकूण १० हजार नोंदी. सभासद आणि संकलन हे दोन तक्ते सभासद क्रमांकावर जोडायचे असतात. ती अट लिहायची राहिली, तर ५० लाख ओळी तयार होतात आणि एकूण दूध प्रत्यक्षाच्या ५०० पट दिसते. जुन्या पद्धतीच्या एसक्यूएलमध्ये दोन तक्त्यांची नावे स्वल्पविराम देऊन लिहायची आणि अट वेगळ्या ओळीत खाली द्यायची असे. खालची ओळ गाळली तरी संगणक तक्रार करत नसे, कारण व्याकरण बरोबरच होते. ‘क्रॉस जॉइन’ हे शब्द स्पष्टपणे लिहिण्याची सोय १९९२ च्या प्रमाणकात आली. त्यामुळे निदान मुद्दाम केलेला गुणाकार आणि विसरभोळेपणाचा गुणाकार वेगळे ओळखता येऊ लागले.

खरे तर ५०० पटीची चूक निरुपद्रवी म्हणावी लागेल, ती कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. घात करते ती छोटी चूक. समजा, एका सभासदाने बँक बदलली आणि खात्यांच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे जुने आणि नवे अशी दोन खाती राहिली. संकलनाचा तक्ता खात्यांशी जोडला, की त्याच्या २० नोंदींच्या ४० होतात. अट लिहिलेली असते, क्वेरी चालते, एकूण बेरीज किंचितच फुगते. त्या एका सभासदापुरता मात्र पूर्ण क्रॉस जॉइन झालेला असतो. हिशेबात असे प्रकार महिनोन् महिने दडून राहू शकतात.

मग तो मुद्दाम कोण करते?

जे घडले नाही, ते शोधणारे. पावसाच्या नोंदी हे त्याचे चांगले उदाहरण. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत एखाद्या जिल्ह्यातील ६० महसूल मंडळांमधून रोज एक नोंद यावी अशी अपेक्षा असेल, तर एकूण ७,३२० नोंदी हव्यात. हाती आल्या ७,१००. नोंदींचा तक्ता कितीही उलटापालटा केला तरी न आलेल्या २२० नोंदी त्यात सापडणार नाहीत, कारण त्या तिथे नाहीतच. मंडळांची यादी आणि तारखांची यादी यांचा क्रॉस जॉइन केला, की अपेक्षित ७,३२० जागांचा सांगाडा तयार होतो. त्यावर आलेल्या नोंदी बसवल्या, की रिकाम्या जागा आपोआप दिसतात.

हा फरक कागदावरचा नाही. ‘पाऊस शून्य’ आणि ‘नोंदच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवामान आधारित फळपीक विम्यात मंडळातील हवामान केंद्राच्या आकड्यांवर भरपाई ठरते. बंद पडलेल्या केंद्राचा दिवस कोरडा धरायचा, पावसाचा धरायचा की शेजारच्या मंडळाचा आकडा घ्यायचा, हा निर्णय माणसाने घ्यायचा. पण तो दिवस गहाळ आहे हे आधी कळायला हवे.

मतदार यादीत किती जोड्या तयार होतात?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. कबड्डीच्या संघांसारखे प्रत्येकाला उरलेल्या प्रत्येकाशी ताडायचे ठरवले, तर जोड्या होतात सुमारे ४,७०० लाख कोटी. सेकंदाला १० लाख जोड्या तपासणारा एक संगणक लावला, तर त्याला जवळपास १४९ वर्षे लागतील. असे हजार संगणक लावले तरी दोन महिन्यांच्या आसपास.

नावे अक्षरशः सारखी असती तर इतका खटाटोप लागला नसता. यादी अकारविल्हे लावली की सारखी नावे शेजारी-शेजारी येतात आणि एका फेरीत काम होते. अडचण अशी, की खरी दुबार नावे क्वचितच सारखी असतात. एकीकडे ‘सुनीता’, दुसरीकडे ‘सुनिता’. एकीकडे वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’, दुसरीकडे ‘दत्तात्रेय’, तिसरीकडे नुसतेच ‘दत्तू’. देवनागरीतून रोमन आणि रोमनमधून परत देवनागरी असा प्रवास झालेल्या नावांची अवस्था तर विचारायलाच नको. ‘साठे’ आणि ‘साथे’ हे रोमन लिपीत सहज एक होऊन जातात. त्यामुळे ‘अगदी सारखे’ ऐवजी ‘बरेचसे सारखे’ शोधावे लागते, आणि ते शोधायचे तर जोडी समोरासमोर ठेवण्याला पर्याय उरत नाही.

यावर उपाय म्हणून यादीचे कप्पे पाडतात. स्त्री-पुरुष असे दोन भाग आणि वयाचे साधारण ८० कप्पे केले, तर १६० गट होतात. गट सारख्या आकाराचे मानले, तर जोड्याही १६० पटीने कमी होतात. १४९ वर्षांचे काम अकरा-बारा महिन्यांवर येते. आडनावाच्या पहिल्या अक्षराने आणखी ३० भाग पाडले तर ते दोन आठवड्यांच्या आत आटोपते. अर्थात महाराष्ट्रात ‘प’च्या कप्प्यात पाटील आणि पवार दोघेही येऊन बसतात, त्यामुळे सारखे कप्पे ही कागदावरचीच गोष्ट.

वेळ वाचतो, पण त्याची किंमतही आहे. एका यादीत वय ४२ आणि दुसरीत ४३ असेल, तर त्या दोन ओळी वेगवेगळ्या कप्प्यांत जातात आणि एकमेकींसमोर कधीच येत नाहीत. जी जोडी तयारच झाली नाही, ती जुळते की नाही हे कोणी तपासत नाही. अहवालात तिचा मागमूस नसतो. किती दुबार नावे सापडली हे सांगता येते, किती निसटली हे नाही.

नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळले, तर शंका उरतेच कशी?

योगायोग किती होतील, हे माणसांच्या संख्येवर नव्हे, जोड्यांच्या संख्येवर ठरते. एका खोलीत २३ जण असतील, तर त्यातल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. २३ हा आकडा लहान वाटतो, पण त्यातून २५३ जोड्या तयार होतात आणि प्रत्येक जोडी ही जुळण्याची एक संधी असते.

समजण्यापुरते असे धरू, की राज्यात ३० ते ७० वयोगटात सुनीता पाटील नावाच्या ५०० महिला आहेत. त्यांच्या १ लाख २४ हजार ७५० जोड्या होतात. जन्माची ४० वर्षे म्हणजे १४,६०० दिवस. जन्मतारखा सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतील, तर निव्वळ योगायोगाने आठ-नऊ जोड्यांची जन्मतारीख वर्षासह जुळेल. या सर्व जणी वेगवेगळ्या, खऱ्याखुऱ्या मतदार आहेत.

आता यात महाराष्ट्राचा खास मसाला टाकू : १ जून. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी दाखल्यावर वयात बसेल असे वर्ष आणि १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू होत, हिशेब सोपा पडे. त्यामुळे विशिष्ट वयाच्या पुढच्या पिढीत ‘एक जूनवाल्यां’ची मोठी फौज आहे, आणि दर वर्षी त्या दिवशी समाजमाध्यमांवर त्यावरून विनोदही फिरतात. वरच्या ५०० जणींपैकी एक पंचमांश, म्हणजे १०० जणींची तारीख १ जून धरली, तर त्यांच्यातच ४,९५० जोड्या होतात आणि वेगळे राहते ते फक्त वर्ष. ४० वर्षांत विभागल्यास सुमारे १२४ जोड्या पूर्ण जन्मतारखेसह जुळतात. उरलेल्या ४०० जणींमधल्या पाच-सहा जोड्या धरून आकडा १२९ च्या घरात जातो. आठ-नऊचे थेट १२९, तेही एकही दुबार नाव नसताना.

संगणकाने कप्पे पाडून वेळ वाचवला, तरी हे योगायोग कमी होत नाहीत. उलट सारख्या वयाच्या आणि सारख्या आडनावाच्या माणसांना एका कप्प्यात बसवणे म्हणजे योगायोगांना एकत्र आणणेच.

याचा फटका कोणाला अधिक बसतो?

ज्यांची नावे सर्वसामान्य आहेत, त्यांना. वेगळे आडनाव, दुर्मीळ नाव असणारा माणूस अशा ताडणीत सहसा सापडत नाही. शिंदे, जाधव, पवार, पाटील यांच्यात मात्र जुळणाऱ्या ओळींचा खच पडतो. ज्या समाजांत आडनावे मोजकी आहेत किंवा ज्यांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरच अंदाजाने पडली, त्यांच्यावर संशयाची सुई अधिक वेळा येते. यात कोणाचा हेतू असण्याची गरज नाही, गणित पुरेसे आहे.

महिलांच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. माहेरच्या गावी ‘सुनीता रामचंद्र जाधव’ आणि सासरी ‘स्वाती संजय पवार’ ही एकच महिला असू शकते. लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव तर बदलतेच, काही घरांत पहिले नावही बदलले जाई. त्यामुळे खरोखर दोन ठिकाणी नोंद असलेली महिला नावांच्या ताडणीत निसटते, आणि एकाच गावातल्या दोन वेगळ्या सुनीता पाटील तिथे अडकतात. छायाचित्र हा आधार उरतो. निवडणूक आयोगाकडे सारख्या तपशिलांच्या आणि सारख्या छायाचित्रांच्या नोंदी शोधणारी प्रणाली आहे. पण अनेक मतदारांचे छायाचित्र जुने आणि पुसट असते, हे यादी पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे.

अन्यत्र असा प्रयोग झाला आहे का?

अमेरिकेत झाला, आणि तो फसला. तिथे मतदार याद्या राज्यांकडे असतात. दोन राज्यांत नाव असलेले मतदार शोधण्यासाठी कॅन्सस राज्याने २००५ मध्ये शेजारच्या राज्यांना बरोबर घेऊन ‘क्रॉसचेक’ नावाचा उपक्रम सुरू केला. पुढे त्यात दोन डझनांहून अधिक राज्ये आली. पद्धत साधी होती. एका राज्याची यादी दुसऱ्या राज्याच्या यादीशी ताडायची आणि पहिले नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की जोडी संशयित ठरवायची.

शरद गोयल आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी या जुळण्यांचा अभ्यास केला. तो २०२० मध्ये ‘अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जोडीतील जुनी नोंद वगळण्याच्या क्रॉसचेकच्या एका सूचनेप्रमाणे वागले असते, तर दुबार मतदानासाठी वापरलेली एक नोंद रद्द करताना सरळमार्गी मतदानासाठी वापरलेल्या सुमारे ३०० नोंदी रद्द झाल्या असत्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेत नावांच्या लाटा येतात. एखाद्या दशकात जन्मलेल्यांत ठरावीक नावे भरमसाट असतात. वय सारखे म्हणजे नावही सारखे असण्याची शक्यता जास्त. त्यात कोट्यवधी नोंदींच्या जोड्या. माहितीच्या सुरक्षेवरूनही या उपक्रमावर टीका झाली, आणि न्यायालयीन तडजोडीनंतर डिसेंबर २०१९ मध्ये तो स्थगित झाला.

हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांना नवा नव्हता, हे इथे सांगायला हवे. कॅनडाच्या सांख्यिकी विभागातील इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्येच याद्या ताडण्याचा पद्धतशीर सिद्धांत मांडला होता. त्यात दोन सूत्रे महत्त्वाची. एक, दुर्मीळ गोष्ट जुळली तर तिला जास्त वजन द्यायचे, सर्वसामान्य गोष्ट जुळली तर कमी. म्हणजे दोन्हीकडे ‘पाटील’ असणे हा फारसा पुरावा नाही. दोन, जोड्यांचे दोन नव्हे तर तीन गट करायचे : जुळलेल्या, न जुळलेल्या आणि माणसाने पाहायच्या. तिसरा गट खर्चिक असतो, म्हणून तो टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो.

‘आधार’मध्ये हेच काम कसे झाले?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. नवा माणूस नोंदणीला आला, की त्याच्या दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळे आधीच्या सर्वांशी ताडायची, अशी रचना होती. शंभरावा माणूस ९९ जणांशी, एक कोटीवा माणूस उरलेल्या सर्वांशी. क्रॉस जॉइनमधून उलट-सुलट जोड्या आणि स्वतःशीच पडणारी जोडी वगळली की जे उरते, ते इथे काही वर्षांत हप्त्याहप्त्याने पूर्ण झाले.

ठसे आणि बुबुळे ही नावापेक्षा कितीतरी भक्कम ओळख आहे. तरीही चूक शून्य नव्हती. प्राधिकरणाने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार, साठ्यात ८ कोटी ४० लाख लोक असताना नव्या माणसाला चुकून ‘आधीच नोंदलेला’ ठरवण्याचे प्रमाण ०.०५७ टक्के होते. दिवसाला १० लाख नोंदण्या धरल्या तर रोज सुमारे ५७० प्रकरणे माणसाने तपासायची. म्हणजे फेलेगी-संटर यांचा तिसरा गट इथेही होता, फक्त आटोपशीर. मतदार यादीत ठसे नाहीत, बुबुळे नाहीत, आणि आधार जोडणे ऐच्छिक आहे. तिथे भिस्त अजूनही नाव, नातेवाईकाचे नाव, वय, लिंग, पत्ता आणि छायाचित्रावर आहे.

दोन तारे लागलेल्या मतदाराचे पुढे काय?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १७ आणि १८ नुसार एकाहून अधिक मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव नोंदवता येत नाही. पण त्याच कायद्यातील कलम २२ नुसार अपात्र म्हणून नाव वगळण्याआधी संबंधिताला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. संगणकाने जोडी दाखवली, हे तेवढ्याने नाव वगळण्याचे कारण होत नाही.

राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय विभागतो. मूळ यादीतून नाव काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. म्हणूनच नावे वगळण्याऐवजी ताऱ्यांचा मार्ग निवडला गेला. नाव, लिंग, पत्ता आणि छायाचित्र यांत साम्य आढळल्यास मतदाराशी संपर्क साधायचा, कोणत्या केंद्रावर मतदान करणार हे त्याच्याकडून लिहून घ्यायचे आणि तिथेच मतदान करू द्यायचे, अशी पद्धत ठरली. ज्याच्याकडून प्रतिसाद आला नाही, त्याच्या नावापुढे तारे राहतात. तो केंद्रावर आला तर अन्यत्र मतदान केलेले नाही आणि करणार नाही, असे हमीपत्र लिहून देऊन आणि ओळख पटवून त्याला मतदान करता येते.

खऱ्या दुबार नोंदींचे एक मोठे कारण अगदीच घरगुती आहे. घर बदलल्यावर पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा असतो. त्यात जुन्या ठिकाणची नोंद नव्या ठिकाणी हलते. अनेक जण त्याऐवजी नव्या मतदारांसाठीचा अर्ज क्रमांक ६ भरतात, नव्या पत्त्यावर नाव लागते आणि जुने तसेच राहते. निधन झालेल्या किंवा कायमचे स्थलांतर केलेल्या व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी, किंवा स्वतःचेच जुने नाव काढून टाकण्यासाठी अर्ज क्रमांक ७ आहे. तिन्ही अर्ज ऑनलाइन किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतात.